सैलानीला जा, पण गोळी चुकवू नका

होळी जवळ आली की बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टर, जीप, जादा सोडलेल्या एसटी. सैलानी बाबांच्या दर्ग्यावर जातधर्म कुणी विचारत नाही. नारळांची होळी पेटते, पुढे संदल निघतो, आणि त्या गर्दीत दरवर्षी काही माणसं अशी असतात की ती स्वतःहून आलेली नसतात, त्यांना आणलेलं असतं. कुणाचा मुलगा रात्र रात्र अंगणात येरझाऱ्या घालत असतो. कुणाची सून रिकाम्या कोपऱ्याकडे बघून उत्तरं देत असते. ‘बाहेरचं आहे’ असं गावातल्या कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि बाहेरच्यावर इलाज सैलानी, हे विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलंय.

या लेखात दर्ग्यावर तोंडसुख घ्यायचं नाही. ज्या आईला रात्री दोन वाजता मुलाला आवरता येत नाही, तिला श्रद्धेवर व्याख्यान देऊन काही साधत नाही. सैलानीला गेल्यामुळे या घरांचं नुकसान होतं असंही नाही. नुकसान होतं ते फक्त तिथेच गेल्यामुळे. आणि त्याहून मोठं नुकसान पुढे होतं, कधीतरी डॉक्टर गाठून, गोळ्या सुरू होऊन, माणूस सुधारल्यावर ‘आता बरा झालाय, कशाला गोळ्या?’ म्हणून त्या बंद केल्यावर. या आजाराची खरी लढाई दवाखान्यात कमी आणि त्यानंतर घरात जास्त चालते. म्हणून इथे घरातलंच जास्त सांगायचंय.

आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. पुस्तकात छिन्नमनस्कता म्हणतात, बोलताना कुणी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना हा आजार होता, म्हणजे साधारण ३०० माणसांत एकाला. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत २५ लाख ८६ हजार होती. हेच प्रमाण लावलं तर जिल्ह्यात साडेआठ हजारांच्या आसपास रुग्ण निघतील. तेरा तालुक्यांत वाटले तर तालुक्यामागे सहाशेच्या वर. तुमच्या घरात असा माणूस असेल तर तुमच्यासारखी घरं तुमच्याच तालुक्यात शेकड्यांनी आहेत. ती बोलत नाहीत एवढंच.

सिनेमात दाखवतात तसा हा एका माणसात दोन माणसं असण्याचा प्रकार नव्हे. मेंदूच्या कामात, विशेषतः डोपामिन नावाच्या रसायनाच्या व्यवहारात बिघाड होतो. कोणी बोलत नसताना बोलणं ऐकू येतं, आणि ते भास असल्याचं त्या माणसाला वाटत नाही. तुमचा-माझा आवाज जितका खरा, तितकाच तोही खरा वाटतो. शेजारी कट करतायत, जेवणात काही कालवलंय, मोबाइलमधून कुणी पाळत ठेवतंय असं पक्कं वाटू लागतं आणि कितीही समजावलं तरी ते हटत नाही. बोलण्याचा धागा तुटतो. ही झाली दिसणारी बाजू, जिच्यामुळे गाव गोळा होतं.

दुसरी बाजू कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि घराला जास्त छळते तीच. अंघोळ नको, दाढी नको, बोलणं नको. चेहऱ्यावर आनंद नाही की दुःख नाही. दिवसभर खाटेवर. याला आपल्याकडे सरळ ‘आळशी’ म्हणतात. बाप शेतातून घामाघूम होऊन येतो आणि पंचविशीचा मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला दिसतो. बापाचा जीव जळणारच. पण हा आळस नव्हे, आजारच आहे. औषधाने भास लवकर कमी होतात. ही मरगळ मात्र हळूहळू जाते आणि कधीकधी थोडी उरतेही. हे आधी माहीत असलं की घरातले निम्मे वाद टळतात.

सुरुवात बहुतेक वेळा तरुण वयात होते, मुलांत साधारण अठरा ते पंचविशीत, मुलींत काही वर्षं उशिरा. नेमकं हेच वय भरतीची तयारी करण्याचं, अभ्यासिकेत बसण्याचं, पुण्याला खोली करून राहण्याचं. म्हणून पहिली लक्षणं ‘अभ्यासाचं टेन्शन’, ‘प्रेमभंग’, ‘मोबाइलचं वेड’ या नावांखाली झाकून जातात. झोप उडणं, मित्र तोडणं, उगाच संशय, एकट्यानेच हसणं किंवा पुटपुटणं, अचानक देवधर्माचं किंवा एखाद्या विचित्र कल्पनेचं खूळ, अभ्यासात नाहीतर कामात एकदम घसरण. यातलं एखादं कुणातही दिसतं. दोन-तीन एकत्र आली आणि महिनाभर टिकली तर थांबू नका. उपचार जितके लवकर सुरू होतील तितका माणूस पूर्वपदावर येण्याची शक्यता जास्त. करणी शोधण्यात गेलेलं वर्ष नंतर भरून काढणं फार कठीण जातं.

कशामुळे होतो? आईबापांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याचा धोका साधारण दहा टक्के धरतात, म्हणजे दहातली नऊ मुलं सुटतात. जुळ्या, अगदी एकसारख्या भावंडांतही एकाला असला की दुसऱ्याला होतोच असं नाही. आनुवंशिकता आहे, पण सगळं तिच्यावर नाही. गांजाचा वाटा मात्र मोठा आहे. ज्याच्यात आजाराचं बीज आहे, त्याने कोवळ्या वयात गांजा ओढायला लागणं म्हणजे आजाराला निमंत्रण. यात्रेतला ‘प्रसाद’ म्हणून ओढलेली चिलीमही त्यात आली. आईच्या संस्कारांनी, बापाच्या माराने किंवा कुणाच्या नजरेने हा आजार होत नाही. एकमेकांना दोष देण्यात गेलेली शक्ती पुढे लागणार आहे.

आता जायचं कुठे? बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची सोय आहे. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात हे आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून ठेवा, फेरा वाचेल. घाटाखालच्या शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद भागाला अकोल्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं, तर घाटावरच्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडच्या लोकांना छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय हा शेवटचा पर्याय समजा. बहुसंख्य रुग्णांना भरती करण्याची गरजच नसते. ओपीडीतून, घरी राहून ते बरे राहतात. ‘डोक्याच्या डॉक्टरकडे गेलं की शॉक देतात आणि कोंडतात’ या भीतीने कितीतरी घरं थांबतात. आजच्या कायद्यानुसार भूल दिल्याशिवाय शॉक देताच येत नाही, आणि तो प्रत्येकाला लागतही नाही. पैशांचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलासुद्धा पैसे पडत नाहीत.

घरातून निघण्याआधी किंवा रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. चोवीस तास, फुकट, मराठीतून. आपलं नाव सांगायचीही सक्ती नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला, त्यांत बुलढाणा आहे. तिथल्या समुपदेशकांना फक्त कर्जबाजारी शेतकऱ्याचीच विचारपूस करता येते असं समजू नका.

पहिल्या भेटीला जाताना रुग्णापेक्षा त्याला रोज बघणारं माणूस सोबत असलं पाहिजे. बहुधा ती आई किंवा बायको असते आणि नेमकी तिलाच घरी ठेवून चुलते आणि सरपंच जातात. कागदावर लिहून न्या: बदल कधीपासून दिसला, झोप किती, काय बोलतो, कोणती औषधं दिली, झाडपाला दिला का, दारू किंवा गांजा घेतो का, डोक्याला मार लागला होता का, फीट येते का, घराण्यात आणखी कुणाला. हे एवढ्यासाठी, की सगळे भास स्किझोफ्रेनियाचे नसतात. मेंदूज्वर, थायरॉइड, फीट यांतही माणूस असंबद्ध बोलतो. रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला साप-किडे दिसू लागतात. ही तातडीची बाब आहे. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं लागतं. दारू सोडवायला म्हणून माणसाला दर्ग्यावर किंवा मठात नेऊन बसवतात तेव्हा हा धोका कुणाच्या ध्यानात नसतो.

औषधांबद्दल थोडं सविस्तर, कारण घरं फसतात ती इथेच. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही नेहमीची नावं; इतर औषधांनी भागलं नाही तर क्लोझापिन, त्याला मात्र ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. मेडिकलवाला त्यांना झोपेच्या गोळ्या म्हणत असेल, पण त्या झोपेच्या गोळ्या नव्हेत. सुरुवातीला गुंगी येते, झोप आणि चिडचिड काही दिवसांत सुधारते, भास आणि संशय ओसरायला मात्र दोन ते सहा आठवडे लागू शकतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलणारे लोक कोणत्याच औषधाला काम करायची संधी देत नाहीत.

मग माणूस सुधारतो. दाढी करतो, दुकानात जातो, बहिणीची चेष्टा करतो. घराला वाटतं, सुटलो. गोळ्या बंद होतात. आणि काहीच होत नाही! महिना जातो, दुसरा जातो. सगळ्यांची खात्री पटते की गोळ्यांची गरजच नव्हती. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, कधी आणखी उशिरा, झोप उडते. तोवर गोळी बंद केल्याचं कुणाला आठवतही नसतं, आणि दोष अमावस्येला किंवा नव्या सुनेच्या पायगुणाला जातो. हा उशीरच सगळ्यांना फसवतो. पहिल्या झटक्यानंतरही साधारण एक ते दोन वर्षं औषध चालू ठेवावं लागतं. पुन्हा पुन्हा झटके आले तर अनेक वर्षं, काहींना कायम. कमी करायचं की बंद, हे डॉक्टरांबरोबर ठरवायचं, हळूहळू करायचं, आणि पेरणी किंवा घरातलं लग्न अशा धामधुमीत तर मुळीच नाही.

त्रास होतो म्हणूनही लोक गोळ्या सोडतात, आणि तो त्रास खरा असतो. हात थरथरतात, अंग आखडतं, लाळ गळते. काहींना एका जागी बसवत नाही, पाय सतत हलत राहतात, आणि घरचे समजतात की वेड वाढलं. वजन आणि साखर वाढते. स्त्रियांची पाळी लांबते, लहान मूल नसताना छातीतून दूध येतं. ही गोष्ट बायका पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत, मुकाट्याने गोळी फेकून देतात. या प्रत्येकावर काही ना काही करता येतं: मात्रा बदलणं, औषध बदलणं, जोडीला दुसरी गोळी देणं. तक्रार करणं हा तुमचा हक्क आहे. ‘तुमची गोळी घेतली की हिला असं होतं’ एवढं सरळ वाक्य पुरतं. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिनचा अंमल कमी होतो, त्यामुळे बिडी सोडली किंवा वाढवली तर तेही सांगा.

आपल्याकडे एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: ऊन. यातली बरीच औषधं, आणि थरथर थांबवायला जोडीला देतात ती ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी, शरीराची घाम काढून थंड होण्याची ताकद कमी करतात. घाटावर बुलढाण्यात त्यातल्या त्यात बरं, पण मलकापूर-शेगावच्या मे महिन्यात अशा माणसाला उष्माघात लवकर गाठतो. उन्हाळ्यात त्याला दुपारच्या शेतकामाला लावू नका. पाणी मागेपर्यंत वाट बघू नका. या आजारात माणूस तहान सांगतोच असं नाही. रोजा किंवा नवरात्राचे उपास धरायचे असतील तर डॉक्टरांना आधी विचारा. बऱ्याच गोळ्या रात्री एकदाच घेता येतात, त्यामुळे मार्ग निघतो.

गोळी घ्यायलाच तयार नसेल तर? पुष्कळ घरांत ती वरणात कालवतात. त्यांची अगतिकता समजते, पण हे करू नका असंच मी सांगेन. ज्याला आधीच वाटतंय की जेवणात विष आहे, त्याला एक दिवस ताटात गोळीचा चुरा सापडतो आणि त्याचा संशय खरा ठरतो. मग तो जेवणही सोडतो. त्यापेक्षा डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनं मिळतात. रोजच्या गोळीवरून होणारी रोजची भांडणं त्याने संपतात. कधीकधी माणूस आवाजांसाठी गोळी घेत नाही, पण झोपेसाठी घ्यायला तयार असतो. तेवढं निमित्त पुरे.

बोलायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक घर विचारतं. “माये, ते मले शिव्या देऊ राह्यले,” असं मुलगा म्हणाला तर ‘कुणी नाही, येडा झाला का’ म्हणणं चूक, आणि ‘हो रे, मलेही ऐकू येतात’ म्हणणं त्याहून चूक. “मले ते ऐकू येत नाही बाबू, पण तू घाबरला हे दिसू राह्यलं. चाल, इथं माह्याजवळ बस.” एवढं पुरे. वाद घालून भ्रम जात नाही. भीती मात्र सोबतीने कमी होते. वाक्यं छोटी ठेवा, एका वेळी एकच गोष्ट सांगा, चार जणांनी एकदम घेरू नका.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी काही दशकांपूर्वी पाहिलं की दवाखान्यातून घरी गेलेला रुग्ण पुन्हा बिघडेल की नाही, हे घरातल्या बोलण्याच्या सुरावर बरंच ठरतं. सतत टोचून बोलणारं, राग धरणारं घर, आणि एका क्षणासाठीही नजरेआड न होऊ देणारं, आजाऱ्याच्या वतीने श्वाससुद्धा आपणच घेणारं घर, दोन्हींत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या अनेक देशांतल्या अभ्यासात आग्रा आणि चंदीगडचे रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरे राहिलेले दिसले. एकत्र कुटुंब, शेतात थोडंफार काम असणं, अशी कारणं लोकांनी सुचवली. त्यावर अजून वाद आहे. पण आपल्या हातात औषधाखेरीजही काही आहे, हे त्यातून कळतं. सातारा, गोवा आणि तामिळनाडूत झालेल्या आणि २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या अभ्यासात गावातल्याच साध्या, प्रशिक्षण दिलेल्या लोकांनी रुग्णांच्या घरी जाऊन विचारपूस केली, औषधांची आठवण दिली, कामाला लागायला मदत केली. नुसत्या दवाखान्यात जाणाऱ्यांपेक्षा या रुग्णांची स्थिती थोडी अधिक सुधारली. आपल्या आशाताईंना असं काम सोपवता येईल का, हे आरोग्य खात्याने खरंच मनावर घ्यावं.

आता रुग्णाला बांधून ठेवतात त्या साखळीबद्दल. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे आग लागली. बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही. २८ जण गेले. देशात या प्रश्नाची चर्चा त्यानंतर सुरू झाली. आज मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७च्या कलम ९५ प्रमाणे मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई आहे. आपल्या राज्याचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधून मारहाण करणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं याला त्यात सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा असा आहे. पण घरात बांधणारा बाप बहुधा क्रूर नसतो, थकलेला असतो. त्याला कलम सांगण्याआधी विचारावं, की गेल्या महिन्यात तू किती रात्री झोपलास. आणि मग गाडी बोलवावी.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार दर्ग्यावर मुजावर आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून ‘दवा-दुआ’ नावाने काम सुरू केलं. मुजावर दुआ करतात आणि आलेल्या माणसाला दर्ग्याजवळच्याच डॉक्टरकडे पाठवतात. जिथे माणसं आधीच जातात तिथेच डॉक्टर नेऊन बसवण्याची ही युक्ती मला पटते. सैलानीत अशी कायमची, रोजची सोय असेल तर चार जिल्ह्यांना फायदा होईल. तोवर तुम्ही स्वतःपुरती दवा-दुआ करू शकता. जा, नारळ वाहा, ताईत बांधा. गोळ्यांचं पाकीट पिशवीत असू द्या, राहायचे जितके दिवस तितक्या गोळ्या मोजून. तिथे कुणी ‘औषध बंद केल्याशिवाय बाबांचा गुण येत नाही’ म्हणालं, तर ते त्याचं म्हणणं आहे, बाबांचं नव्हे.

अडचणीची वेळ येतेच. माणूस हिंसक होईल ही भीती फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात या आजाराचे बहुसंख्य लोक कुणाला मारत नाहीत, उलट मार खाणाऱ्यांत तेच जास्त असतात. पण नशा, औषध बंद आणि ‘तुला मारून टाकतील’ सांगणारे आवाज एकत्र आले तर सावध राहा. कोयता-विळा नजरेआड करा, बघ्यांना पांगवा, दार अडवून उभे राहू नका. १०८ ला फोन करा, गरज पडली तर ११२. भटकत असलेल्या मनोरुग्णाला लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं. त्याला चोवीस तासांत सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी नेणं हे मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०० नुसार पोलिसांचं कर्तव्य आहे. पोलीस पाटलांनी हे माहीत करून घ्यावं. रुग्णाला स्वतःचं भलं कळत नसेल तर त्याच्या संमतीशिवायही, कायद्याने ठरवलेल्या तपासण्या करून, रुग्णालय तीस दिवसांपर्यंत भरती करून घेऊ शकतं.

त्याहून मोठा धोका आत्महत्येचा. तो झटका ओसरल्यावरही असतो, जेव्हा माणसाला आपलं काय झालं हे कळू लागतं. आपल्या घरांत फवारणीचं औषध गोठ्यात, माळ्यावर, कुठेही पडलेलं असतं. ते कुलपात ठेवा, जमलं तर घरात ठेवूच नका. ‘मरावंसं वाटतं का’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. विचारा.

लग्न. ‘लग्न लावून द्या, जबाबदारी आली की ठिकाणावर येईल.’ हा सल्ला देणारा सल्ला देऊन मोकळा होतो. भोगायला त्या मुलाच्या किंवा मुलीच्या वाट्याला येतं, आणि समोरच्या घरातल्या, काहीच सांगितलं न गेलेल्या जिवाच्या. लग्न हा उपचार नव्हे. पण आजार आहे म्हणून लग्न करूच नये असंही नाही. दोन-तीन वर्षं तब्येत स्थिर असेल, काम चालू असेल, आणि समोरच्याला आजाराचं नाव आणि गोळ्यांची नावं सांगितलेली असतील, तर असे संसार चालतात. लपवून केलेल्या लग्नात मात्र पहिल्या आठवड्यापासून गोळ्या लपवाव्या लागतात, मग चुकतात, आणि मग सुनेला माहेरी पाठवून देतात. स्किझोफ्रेनिया आहे एवढ्याच कारणावर घटस्फोट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली एका दांपत्याच्या खटल्यात स्पष्ट केलंय. माहेरी येऊन बसलेल्या लेकींनी हे ऐकून ठेवावं.

आतापर्यंत घरच्यांशी बोललो. ज्यांना हा आजार आहे असे तुम्हीही हे वाचत असाल. तुमच्याविषयी तुमच्यासमोरच तिसऱ्या माणसासारखं बोललं जातं, याची तुम्हाला सवय झाली असेल. तुम्हाला आलेला अनुभव खोटा होता असं मी म्हणत नाही. आवाज तुम्हाला ऐकू आलाच होता. तो कुठून आला एवढंच वेगळं आहे. तुमचा झटका येण्याआधी काय होतं हे तुमच्याइतकं कुणाला कळत नाही: कुणाची झोप आधी जाते, कुणाला रंग गडद दिसतात, कुणाला टीव्हीतला माणूस आपल्यालाच बोलतोय असं वाटू लागतं. ती खूण ओळखा आणि ती दिसली की काय करायचं हे चांगल्या दिवसांतच एका कागदावर लिहून ठेवा. कोणत्या औषधाने बरं वाटतं, कोणतं नको, कुणाला बोलवायचं. मानसिक आरोग्यसेवा कायद्यात याला मान आहे. आगाऊ निर्देश म्हणून तो कागद मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे नोंदवता येतो. आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हेही तुम्हीच ठरवू शकता. तो भाऊच असला पाहिजे असं नाही. काम सुरू करा, पण अर्ध्या दिवसाचं. दुकानावर बसणं, दूध घालणं, नर्सरीत पिशव्या भरणं. आवाज थोडे उरले असतानाही माणसं कामं करतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ २००४ साली आला; त्यात अतुल कुलकर्णींनी या आजाराचा माणूस उभा केलाय. तो घरच्यांसोबत बघा. त्यामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते, कॅलगरी विद्यापीठातले प्राध्यापक. पत्नीच्या आजारपणाने त्यांना या कामात ओढलं आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. तिथे रुग्णांचे आणि नातेवाइकांचे गट भरतात. बुलढाण्यात, खामगावात चार घरं एकत्र आली तरी असा गट होतो. त्याला इमारत लागत नाही, एखादा रविवार पुरतो.

आईबापांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: आमच्या माघारी काय? रस्त्यावर आलेल्या बेवारस मनोरुग्णांना चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळ इथे नंदकुमार आणि आरती पालवे यांचं सेवासंकल्प प्रतिष्ठान सांभाळतं. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन अशा माणसांवर उपचार करून त्यांना शोधून काढलेल्या घरी पोचवते. त्यासाठी डॉ. वाटवानींना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण या संस्था घर नसलेल्यांसाठी आहेत, घर असून सोडून दिलेल्यांची भर तिथे पडू नये. त्यासाठी तुम्ही असतानाच काही कामं उरकून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरलं तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, मिळतं, त्यावर संजय गांधी निराधार योजना आणि एसटीची सवलत. जिल्हा रुग्णालयात अर्ज करा, उपचाराचे जुने कागद न्या. बँकेत मुलाच्या नावाने खातं काढा, आणि त्याच्या वाट्याच्या शेतीचा कागद स्वच्छ असू द्या. सातबाऱ्यावरून त्याचं नाव ‘त्याला काय कळतं’ म्हणून गाळलं जाण्याचे प्रकार होतात. बहीण-भावांना आता विश्वासात घ्या, तुमच्या मृत्यूनंतर नव्हे. एक जाड फाइल करा: चालू गोळ्यांची चिठ्ठी सर्वांत वर, डॉक्टरांचा फोन, मागचे झटके कधी आणि कशाने, कोणत्या औषधाने त्रास झाला, आधार आणि यूडीआयडीच्या प्रती. ती कपाटात कुठे आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्या, आणि त्या दोघांपैकी एक तो स्वतः असू द्या.